झोटेरो कनेक्टर: ब्राउझर लपवतो त्यातलं निम्मं दाखवणारं बटण

बातमीचं, पुस्तकाच्या दुकानाचं किंवा संशोधनपत्रिकेचं पान उघडलं की डोळ्यांना दिसतं त्याच्या मागे आणखी एक थर आलेला असतो. हे शीर्षक, हा लेखक, ही प्रकाशनाची तारीख, हा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), अशी नावानिशी मांडलेली माहिती. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक शब्दावली काढली, तेव्हापासून हा थर जाडच होत गेलाय. शोधयंत्रं तो वाचतात. लिंक पाठवली की व्हॉट्सॲपवर खाली जी चौकट उमटते, तीही अशाच माहितीतून. हे सगळं उतरवून घेणारा ब्राउझर मात्र समोर बसलेल्या माणसाला त्यातलं जवळपास काहीच दाखवत नाही.

झोटेरो कनेक्टर हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, निदान एका कामापुरतं ते दाखवतं: संदर्भ गोळा करणं. संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारं झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन म्हणून सुरू झालं. आता मुख्य प्रोग्राम संगणकावर वेगळा चालतो आणि कनेक्टर ही त्याची ब्राउझरमधली बाजू आहे. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, सगळीकडे मिळतं. फुकट आणि मुक्तस्रोत. क्रोममध्ये टाकल्यावर कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हातून ते पिन करून ठेवा, नाहीतर त्याची अर्धी उपयुक्तता तिथेच संपली, कारण इथे खरी गंमत बटण दाबण्यात नाही, बघण्यात आहे.

बटणाचं चिन्ह पानागणिक बदलतं. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक दिसतं, शोधनिबंधावर लेखाचा कागद, शोधनिकालांच्या यादीवर फोल्डर. फोल्डर दाबला की पानावरच्या सगळ्या नोंदी टिकचौकटींसह समोर येतात, हव्या त्या निवडायच्या. करडं पान दिसलं तर समजावं की ओळखण्यासारखं काही हाती लागलेलं नाही. दाबलंत तर शीर्षक, पत्ता आणि पाहिल्याची तारीख एवढंच जमा होईल. निळं पान म्हणजे थोडीफार माहिती सापडली आहे, तपासून घ्या.

माउस बटणावर नेऊन थांबा. ‘सेव्ह टू झोटेरो’च्या पुढे कंसात एक नाव दिसतं, आणि पूर्ण कनेक्टरमध्ये सगळ्यात मोलाची ओळ हीच. तिथे त्या संकेतस्थळाचं किंवा सूचीचं नाव असेल तर त्या जागेची पानं वाचण्यासाठी खास लिहिलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे ट्रान्सलेटर, कामाला लागलाय, नोंद बहुधा नीट येईल. ‘एम्बेडेड मेटाडेटा’ असेल तर पानाच्या कोडमध्ये माहितीसाठी घातलेल्या सर्वसाधारण खुणांवर, म्हणजे मेटा टॅगवर, भिस्त आहे. संशोधनपत्रिका गूगल स्कॉलरसाठी जे सायटेशन टॅग घालतात ते असतील तर हेही उत्तम चालतं: खंड, अंक, पृष्ठं, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) सगळं जागच्या जागी बसतं. नुसते फेसबुकसाठीचे ओपन ग्राफ टॅग असतील तर शीर्षक, सारांश आणि साइटचं नाव यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नका. बटणावर उजवी क्लिक केली की त्या पानासाठी उपलब्ध असलेले इतर पर्यायही दिसतात.

आता दोष. दाबण्याआधी कनेक्टर फक्त नोंदीचा प्रकार सांगतं, आतली मूल्यं नाही. लेखक कोण म्हणून धरलाय, तारीख कोणती घेतली, हे जतन केल्यावर मुख्य प्रोग्रामच्या उजव्या बाजूला पाहावं लागतं. दाबल्यावर जी छोटी खिडकी उघडते तीही शीर्षक दाखवते, नोंद कुठल्या संग्रहात टाकायची ते विचारते, तुमचे स्वतःचे विषयवार टॅग लावू देते आणि मिटते. वास्तविक याच खिडकीत ‘लेखक अमुक, अमुक टॅगमधून, तारीख अमुक, अमुक टॅगमधून’ अशा पाच ओळी दिल्या असत्या तर निम्म्या चुका तिथल्या तिथे दिसल्या असत्या.

मराठी पानांवर त्या चुका ठरावीक जागी होतात. पूर्ण नाव एकाच ओळीत आलं की शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. ‘वि. का. राजवाडे’ यात काही बिघडत नाही. पण बातमीखाली ‘ऑनलाइन डेस्क’ असं असेल तर डेस्क आडनावाचे एक गृहस्थ तुमच्या संदर्भसूचीत येऊन बसतात. नावाच्या शेजारच्या छोट्या बटणाने तो रकाना एकेरी करा, म्हणजे नाव-आडनाव अशी फोड होणार नाही. संस्था, टोपणनावं आणि ‘कुसुमाग्रज’ यांच्यासाठी तेच योग्य. आडनाव आधी लिहिलेलं असेल तर अदलाबदलीचा पर्याय नावाच्याच मेनूत आहे.

तारखेच्या रकान्याला लागून वर्ष, महिना, दिवस यांची रोमन आद्याक्षरं बारीक अक्षरात दिसतात. त्यातलं जे दिसतं तेवढंच झोटेरोला कळलंय. पानात ‘१२ मार्च १९६०’ असं देवनागरी अंकांत असेल तर वर्ष ओळखलं जात नाही आणि संदर्भसूचीत त्याचा घोटाळा होतो. आकडे इंग्रजी (1, 2, 3) करून टाका, आद्याक्षरं लगेच उमटतात. काही बातमीपानं आपली वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत नोंदवतात. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे दोनला चढवलेली बातमी आदल्या दिवसाची ठरू शकते. दिनांकावर वाद होणारं लिखाण असेल तर हे डोळ्यांनी ताडून घ्या.

वर्डप्रेसवर चालणारं नियतकालिक ब्लॉगलेख म्हणून नोंदलं जाणं हेही नेहमीचंच. नोंदीचा प्रकार बदलला की अंक-पृष्ठांचे रकाने उघडतात. भाषेच्या रकान्यात रोमन लिपीत ‘एमआर’ (mr) हा मराठीचा संकेत भरायला विसरू नका. रोमन लिप्यंतर केलेल्या मराठी शीर्षकांना इंग्रजी संदर्भशैली प्रत्येक शब्दाला मोठं अक्षर लावत सुटते, ते त्याने थांबतं.

साठ्यांबद्दल थोडं. भारतीय प्रबंधांचा साठा असलेली शोधगंगा डीस्पेस या साठे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते, तिथे वर्णनात्मक माहिती पानात असते आणि नोंद ठीक येते. पण प्रबंध बहुधा प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये असतो, त्यामुळे हव्या त्या फायली हाताने जोडाव्या लागतात. इंटरनेट आर्काइव्हवरची डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली जुनी मराठी पुस्तकं हा वेगळाच प्रकार. पुष्कळ नोंदींत शीर्षक ओळखू न येणाऱ्या रोमन लिप्यंतरात आहे, आणि कनेक्टर तेच इमानदारीने उचलतं. मुळात कचरा असेल तर कोणतंही साधन तो सोनं म्हणून देणार नाही. तिथे शीर्षकपानाचं चित्र पाहूनच नोंद भरणं शहाणपणाचं.

पीडीएफ थेट टॅबमध्ये उघडून बटण दाबू नका. पानाचा माहितीथर तिथे नसतोच. मग झोटेरो फायलीतला मजकूर वाचून अंदाज बांधतं, आणि स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफमध्ये वाचण्याजोगा मजकूरच नसेल तर तेही खुंटतं. एक पाऊल मागे, सारांशाच्या पानावर जाऊन जतन करा. खुली असेल तर पीडीएफ आपोआप सोबत येते. पान पूर्ण न लोड करता आतला मजकूर बदलणाऱ्या साइटवर आधीच्या लेखाचे टॅग मागे राहतात. बटण दाबण्यापूर्वी एकदा रिफ्रेश करा. ‘झोटेरो चालू आहे का?’ अशा अर्थाचा संदेश आला तर मुख्य प्रोग्राम बंद आहे किंवा फायरवॉलने २३११९ हे स्थानिक पोर्ट अडवलंय. प्रोग्राम बंद असतानाही खात्यात लॉगइन केलेलं असेल तर नोंद ऑनलाइन जमा होते. फुकट ऑनलाइन जागा ३०० एमबी. पानांच्या प्रती आणि पीडीएफ ठेवत गेलात तर ती लवकर भरते. नुसत्या नोंदींना ती लागत नाही आणि स्वतःच्या संगणकावर मर्यादा नाही.

नोंद चुकली तर दोष कनेक्टरचा की पानाचा? कंट्रोल-यू दाबून पानाचा स्रोत उघडा आणि रोमन लिपीत ‘सायटेशन’, ‘ओजी’ किंवा ‘एलडी+जेसन’ (ld+json) यांचा शोध घ्या. स्रोत वाचायचा कंटाळा असेल तर स्कीमा डॉट ऑर्गच्या व्हॅलिडेटर या तपासणीच्या पानात पत्ता टाकला की स्कीमा शब्दावलीतली माहिती तक्त्यात मिळते. पुष्कळ वेळा उत्तम माहिती गूगलसाठीच्या जेसन-एलडीत, म्हणजे स्रोतातल्या त्या ‘एलडी+जेसन’ भागात, नीट भरलेली असते आणि मेटा टॅग मात्र ओसाड. ‘एम्बेडेड मेटाडेटा’चा मुख्य भर मेटा टॅगवर असल्याने अशा पानांवर ते अडखळतं.

हा थर दाखवण्याचं काम खरं तर ब्राउझरचं होतं. फायरफॉक्सवर मायकेल कॅप्ली यांचं ‘ऑपरेटर’ हे एक्स्टेन्शन २००६ पासून होतं: पानातल्या मायक्रोफॉरमॅटमधून (कोडमध्ये माहिती मांडण्याची एक पद्धत) पत्ते, कार्यक्रम, ठिकाणं टूलबारवर मांडायचं, कार्यक्रम दिनदर्शिकेत आणि ठिकाण नकाशावर पाठवायचं. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली. पुढच्या वर्षी ६४ व्या आवृत्तीत साइटवरच्या नव्या लेखांची यादी (फीड) दाखवणारे लाइव्ह बुकमार्कही गेले. त्यामुळे आज पानातला कार्यक्रम किंवा पाककृती ओळखून दाखवणारं सर्वसाधारण बटण शोधणाऱ्याला कनेक्टरचा उपयोग नाही. पाककृतीचं पान इथे फक्त एक वेबपान म्हणून नोंदलं जातं.

प्रबंध, पुस्तक, अभ्यासलेख लिहिणाऱ्याने मात्र आजच घ्यावं. दहा-बारा संदर्भांच्या एखाद्या लेखापुरतं हवं असेल तर हाताने टाइप करणंच लवकर होईल. आणि ज्या संकेतस्थळाला खास ट्रान्सलेटर नाही, त्याच्यासाठी तो जावास्क्रिप्टमध्ये कोणालाही लिहून पाठवता येतो. त्यासाठीचं स्कॅफोल्ड हे साधन झोटेरोसोबतच येतं.