विकतची यादी की काउंटरवर जमवलेली?

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाला दिवाळीच्या ऑफरचे ईमेल पाठवायचेत. हजारो पत्त्यांची तयार यादी विकत मिळते, स्वस्तही पडते. पण त्यातल्या एकानेही ‘पाठवा’ म्हटलेलं नसतं. बंद पडलेल्या पत्त्यांवरचे मेल परत येतात, उरलेले लोक वैतागून ‘स्पॅम’चं बटण दाबतात. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना जीमेल तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवायला सांगतं, म्हणजे हजारात तीन. एवढी माणसं चिडायला कितीसा वेळ लागतो? मग गिऱ्हाइकाला पाठवलेलं खरं बिलही स्पॅममध्ये जाऊ लागतं. हे नुकसान कुणी हिशेबात धरतच नाही.

दुसरी यादी हळू वाढते. बिल करताना विचारायचं, ‘नव्या पैठण्या आल्या की ईमेलवर कळवू का, ताई?’ हो म्हटलं तरच तारखेसह नोंद. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे. गिऱ्हाईक अमेरिकेत असेल तर तिथल्या कॅन-स्पॅम कायद्याप्रमाणे मेलमध्ये टपालाचा पत्ता हवा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव कामकाजाच्या १० दिवसांत काढायला हवं.

एसपीएफ, डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याच नावाने आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी, यादी कुठलीही असो, लावाव्याच लागतात. त्यांनी पाठवणारा खरा ठरतो, नकोसा मेल हवासा होत नाही. मी तर दुसरीच यादी घेईन, चारशे पत्त्यांची असली तरी.