जुने कागदी नकाशे क्यूजीआयएसमध्ये बसवले : बेळगावातून आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, आता लावणीचे दिवस आलेत, म्हणजे धरा आठ महिने झाले. एवढ्यात सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या इंची शीटा, सहा गावनकाशे आणि एक कापड लावलेला घडीचा नकाशा एवढं बसवून झालंय, त्यातलं निम्मं दोनदा बसवावं लागलं, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. मी हायस्कूलला भूगोल शिकवतो, कॉम्प्युटरवाला माणूस नाही, लॅपटॉप पण मुलीचा जुना ८ जीबीचा. तेव्हा हे एक्स्पर्टचं मत वगैरे समजू नका.

ही खाज सुटली बळ्ळारी नाल्यामुळं. शहापूर, वडगाव, यळ्ळूर, माजगाव या भागात ज्यांची भातशेती आहे त्यांना सांगायला नको, पाऊस जरा जास्त झाला की नाला शिवारात. जुनी माणसं म्हणतात पूर्वी असं नव्हतं, नाला दुसरीकडनं वाहायचा. मला वाटलं जुना नकाशा काढू, आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवू, लगेच दिसेल की कुठनं वाहायचा ते. लगेच! आठ महिने गेले.

पहिली भानगड स्कॅनिंगची. इंची शीट म्हणजे एक इंचाला एक मैल, १:६३,३६०, आणि एका शीटमध्ये १५ मिनिटं अक्षांश, १५ मिनिटं रेखांश. आपल्या भागात त्याचा नुसता नकाशाच साधारण ४२ बाय ४४ सेंटीमीटर होतो, समास वेगळा, म्हणजे ए-थ्री स्कॅनरवर मावत नाही. मी आधी दोन तुकडे करून जोडत बसलो, जोडात रस्ते तुटायचे. मग आर्किटेक्ट लोकांचे प्लॅन काढून देणाऱ्या एका दुकानात मोठा रोलवाला स्कॅनर मिळाला. तिथल्या पोरानं पहिल्यांदा 'साइज कमी करून देतो सर' म्हणून जेपेग करून दिलं, कंटूरच्या (समान उंचीच्या) रेघा सगळ्या पुसट. टिफच मागायचं, आणि दुकानातच झूम करून बघायचं. ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर साडेपाच मीटरच्या आत-बाहेर, ६०० ला त्याच्या निम्मं, पण फाइल पाचशे एमबीच्या वर जाते आणि माझा लॅपटॉप तिथंच मान टाकतो. मी ३०० वर समाधान मानलं. मोबाइलनं फोटो काढून पण चालतं म्हणणारे आहेत, बघायला चालतं, मोजायला नाही.

शीट नंबरची एक गंमत. ७४ अंश ३० मिनिटांची रेघ बेळगाव शहरातूनच जाते, त्यामुळं किल्ला ४८ आय/९ मध्ये आणि हिंडलगा ४८ आय/५ मध्ये. खानापूर पण त्याच रेघेला चिकटून. आणि १६ अंशाच्या वर गेलं की ४८ नंबर संपून ४७ सुरू, निपाणी ४७ एल/७ मध्ये. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा अभ्यास करायचा तर शीटा जोडल्याशिवाय गत्यंतर नाही. शेजारच्या दोन शीटांचा सर्व्हे एकाच सालचा असेल असं पण नाही, म्हणून एकात असलेला रस्ता दुसऱ्यात शिवेवर येऊन गायब होतो. सुरुवातीला मी माझीच चूक समजून दोन रात्री घालवल्या.

आता मुख्य जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅन खऱ्या जागेवर बसवायचं क्यूजीआयएसमधलं साधन. पूर्वी रास्टर मेनूत असायचं, नवीन व्हर्जनमध्ये लेयर मेनूत गेलंय, यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ जुने आहेत तेवढं लक्षात ठेवा. काम तसं सोपं, स्कॅनवर एक पॉइंट टाकायचा, त्याचे खरे अक्षांश-रेखांश द्यायचे, असे बरेच पॉइंट झाले की स्टार्ट. इंची शीटवर दर पाच मिनिटांना रेघा असतात, त्यांच्या छेदांचे कडेसकट १६ पॉइंट होतात, ते सगळे घेतले, पॉलिनॉमियल १ लावलं, म्हणजे सगळा नकाशा एकसारखा फिरवून-ताणून बसवायची पद्धत, मीन एरर (सरासरी चूक) दोन पिक्सेलच्या आत. पहिल्याच दमात! आणि सॅटेलाइट फोटोवर ठेवून बघतो तर नाला चक्क शंभर-दीडशे मीटर सरकलेला.

मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना लॅपटॉप दाखवला. घरच्या ग्रुपवर पण टाकलं, बघा, म्हातारी माणसं खरं बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तोच नकाशा परत उघडला तर लक्षात आलं की रेल्वेचा रूळ पण तेवढाच सरकलाय. आणि किल्ल्याचा खंदक पण. नाला एक वेळ सरकेल हो, पण किल्ला?

तर झालं असं होतं की जुन्या शीटांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या धरलेल्या एका आकारावर काढलेले, १८३० चा, आणि त्याचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा. आपला मोबाइल आणि सॅटेलाइट फोटो चालतात डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्याच आधारावर, या आधाराला डेटम म्हणतात. आकडा तोच लिहिला तरी जमिनीवरची जागा वेगळी येते, आणि आपल्या भागात हा फरक शंभर-दीडशे मीटरच्या घरात जातो. मी पॉइंट टाकताना सीआरएस, म्हणजे आकडे कुठल्या पद्धतीचे ते, सरळ डब्ल्यूजीएस ८४ ठेवला होता. आता काय करतो, पॉइंट कल्याणपूर १९७५ मध्ये देतो, ईपीएसजी ४१४६ (ईपीएसजी म्हणजे अशा पद्धतींचे ठरलेले नंबर), आणि बसवून झालेला नकाशा वार्प करून, म्हणजे नव्या पद्धतीत बदलून, मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम ४३ एन मध्ये आणतो, ईपीएसजी ३२६४३. मधे ते कुठलं ट्रान्सफॉर्मेशन वापरू म्हणून एक खिडकी उघडते, तिथं वाचल्याशिवाय ओके दाबू नका. ग्रुपवर नंतर दुरुस्ती टाकली, ती कुणी वाचली नाही, पहिल्या मेसेजला मात्र अजून लाइक येतात.

घडीचा नकाशा त्याहून वरचढ निघाला. तो एका स्नेह्यांच्या आजोबांच्या ट्रंकेतला, एकोणिसाव्या शतकातला. तो सरळ चार किलोमीटरच्या वर बाजूला पडला, तेव्हा मात्र मी घाबरलो नाही, समास वाचला. त्या काळी रेखांश मद्रास वेधशाळेवरनं मोजायचे आणि वेधशाळेचा रेखांश ८०° १७′ २१″ धरलेला, पुढं तो ८०° १४′ ५४″ ठरला. म्हणजे २ मिनिटं २७ सेकंद वजा करायचे, आणि बेळगावच्या अक्षांशावर तेवढ्याचे सव्वाचार किलोमीटरच्या वर होतात. वजा केलं, बसला. समासात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते स्कॅन करताना कापून टाकणाऱ्या लोकांना माझा दंडवत.

डेटम सुधारल्यावर नाल्याचा फरक उरला पन्नासेक मीटर. आणि इथं मला हिशोब घालायला लागला. इंची नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे ६३ मीटर. निळी रेघ काढणाऱ्याचा हात, छपाई, कागद पावसाळ्यात फुगतो उन्हाळ्यात आकसतो, माझा माउस, या सगळ्यात पन्नास मीटर कुठं गेले कळणार पण नाही. म्हणजे मी जे विचारत होतो ते सांगायची त्या नकाशाची ऐपतच नव्हती, आणि मी पाच महिने त्यालाच विचारत बसलो होतो.

मग गावनकाशे धरले. ते एक इंचाला ६६० फूट, १:७,९२०, म्हणजे आपल्या ३३ फुटी साखळीच्या हिशोबानं इंचाला बरोबर वीस साखळ्या. सर्व्हे नंबर, ओढे, विहिरी, पायवाटा सगळं असतं. कर्नाटक सरकारच्या भूदाखल्यांच्या साइटवर पीडीएफ मिळतात, अक्षरं कन्नड. मला कन्नड बोलता येतं पण वाचताना जीभ अडते, शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी दोन तासांत सगळं वाचून दिलं. हळ्ळ म्हणजे ओढा, केरे म्हणजे तळं, बावी विहीर, गोमाळ म्हणजे आपलं गायरान, एवढ्या चार शब्दांवर निम्मं काम होतं. जुन्या मराठी कागदांतली शेतांची नावं मी वेगळ्या कॉलममध्ये ठेवलीत. हे करायचं असेल तर सेव्ह करताना शेपफाइल नको, त्यात कॉलमच्या नावाला दहाच अक्षरं आणि देवनागरीचे कधी कधी चौकोन होतात, जिओपॅकेज प्रकारची फाइल घ्या.

पण गावनकाशावर अक्षांश-रेखांश नसतात. जमिनीवरच्या खुणाच शोधायच्या. तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड सगळ्यात भारी, तो सहसा कुणी हलवत नाही. जुनी विहीर, रेल्वेची मोरी पण चालते. भाताचे बांध मार्च-एप्रिलच्या फोटोत छान दिसतात, पावसाळ्यातल्या फोटोत सगळं हिरवं, काही कळत नाही. देवळं मात्र जपून. एका गावात मी मारुतीचं देऊळ पॉइंट धरलं, बाकी सगळं चांगलं बसत होतं आणि तेवढाच कोपरा ओढल्यासारखा वाकडा. मी हुशारी करून पॉलिनॉमियलऐवजी थिन प्लेट स्प्लाइन लावलं, एरर शून्य! खूश. नंतर फोनवर क्यूफील्ड, म्हणजे क्यूजीआयएसचे नकाशे फोनवर उघडणारं अॅप, टाकून शिवारात गेलो तर नकाशातली विहीर भाताच्या वाफ्यात, आणि खरी विहीर पलीकडं. बांधावर एक आज्जी भांगलत होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "देऊळ हितं कुठं होतं रे बाळा, रस्ता केला तवा हलीवलंय ते." संपलं. थिन प्लेट स्प्लाइन तुम्ही दिलेल्या प्रत्येक पॉइंटमधून नकाशा ओढून नेतो, चुकीच्या पॉइंटमधून पण, म्हणून एरर शून्यच येणार. घड्या पडलेल्या कापडी नकाशाला त्याच्याशिवाय इलाज नाही, पण साध्या स्कॅनला पॉलिनॉमियल १ च बरा, एखादा पॉइंट खोटा असेल तर तो टेबलात मोठ्या एररनं लगेच उघडा पडतो. आता मी चार-पाच पॉइंट मुद्दाम बाजूला ठेवतो, बसवताना वापरत नाही, नंतर त्यांच्यावर तपासतो.

आणि टाकलेले पॉइंट ज्यात राहतात ती .पॉइंट्स फाइल सेव्ह करा. मी एकदा 'नंतर करू' म्हणून 'नो' दाबलं आणि तीस पॉइंट परत टाकले.

जिल्हा-तालुक्याच्या हद्दी ट्रेस करताना एक गोष्ट बघून थांबलो. १९५६ च्या आधीच्या शीटवर चंदगड बेळगाव जिल्ह्यातला एक तालुका आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. शीटवर जी नुसती तालुक्याची तुटक रेघ आहे ती आज राज्याची हद्द. आमची आत्या तिकडं दिली, तिच्या लग्नात हद्द वगैरे काही नव्हतं म्हणे. मुलांना हे वर्गात दोन लेयर चालू-बंद करून दाखवतो, तास कमी पडतो.

गावात बातमी फुटली की सर नकाशे करतात. मग एक गृहस्थ आले, शेजाऱ्यानं दोन फूट बांध सरकवलाय, तुमच्या कॉम्प्युटरवर दाखवा. मी त्यांना चहा दिला आणि पट्टी दाखवली. गावनकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ आठ मीटर, अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच चार मीटर रुंद. दोन फूट त्या रेघेच्या पोटात बसतात. त्याला सरकारी मोजणीच हवी, माझा नकाशा तर नाहीच आणि फोनवरचं दिशांक अॅप पण नाही, ते आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत तेवढं बघायला झकास आहे. गृहस्थ नाराज होऊन गेले. त्यांचा शेजारी आठवड्यानं आला, तोच प्रश्न घेऊन.

नाल्याचं काय झालं? गावनकाशावर आमच्या भागात त्याला दोन वळणं आहेत, आजच्या फोटोत तिथं पात्र सरळ आहे, आणि जुन्या वळणाच्या पोटातले सर्व्हे नंबर म्हणजे नेमके ते वाफे ज्यात पाणी आधी शिरतं. फरक ऐंशी-नव्वद मीटरचा, म्हणजे या नकाशावर सेंटीमीटरच्या वर, हे मी छातीठोक सांगू शकतो. पूर त्याच्यामुळंच येतो का, ते नाही सांगू शकत, वरच्या अंगाला शहर किती वाढलंय ते पण आहेच की.

कुणी वापरावं? फुकट आहे, रात्री जागायची सवय पाहिजे आणि उन्हात हिंडायची पण. नुसतं बघायचंच असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर यू-५०२ मालिकेचे १:२,५०,००० चे नकाशे आहेत, ते घ्या, हात साफ करायला उत्तम. आजच्या शीटा सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर मिळतात. सध्या माझं घोडं कणकुंबीच्या शीटवर अडलंय, ४८ आय/२, सगळं जंगल आणि डोंगर, रेघांचे छेद सोडले तर तपासायला ना मोरी ना विहीर, मलप्रभेच्या उगमाकडं जाऊनच पॉइंट घ्यावे लागणार. पावसात तिकडं जळवा, आता दसऱ्यानंतरच.