वेलकम कलेक्शन: इंग्रज घरांच्या जुन्या पाकवह्या पडद्यावर

सतराव्या शतकातील इंग्रज घरांत काय उतरवून घेतले गेले आणि पुढे काय खोडले गेले, हे पाहायचे असेल तर लंडनच्या वेलकम कलेक्शन या संग्रहालय-ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील पाककृतींच्या हस्तलिखित वह्या उघडाव्यात. त्या पाहण्यासाठी शुल्क नाही, आणि पानांची छायाचित्रे इतकी स्पष्ट आहेत की निरनिराळ्या हातांची अक्षरेही वेगळी ओळखता येतात.

सुरुवात लेडी अ‍ॅन फॅन्शॉ यांच्या वहीपासून करावी. १६५१ मध्ये जोसेफ एव्हरी नावाच्या लेखनिकाने तिचा आरंभ केला, आणि १६७८ मध्ये ती आईकडून मुलीकडे, कॅथरीनकडे गेली. दरम्यान अ‍ॅन यांचे पती माद्रिदमध्ये राजदूत असल्यामुळे स्पेनमधील गोष्टीही तीत आल्या. चॉकलेटची कृती गिरवून खोडलेली आहे, पण शेजारचे चॉकलेटच्या भांड्याचे चित्र शाबूत आहे. याच वहीत आइस्क्रीमची एक अतिशय जुनी इंग्रजी कृती सापडते: तीन पाइंट उत्तम साय जायपत्री घालून उकळावी, किंवा तिला संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा अथवा अंबर या सुगंधी द्रव्याचा वास द्यावा, साखर घालून पूर्ण निवू द्यावी, आणि चांदीच्या किंवा कथलाच्या डब्यांत भरून बारीक फोडलेल्या बर्फात दोन तास ठेवावी. बर्फात मीठ घालण्याचा उल्लेख मात्र नाही, आणि नुसत्या बर्फाने गोड साय गोठत नाही. त्यामुळे लिहिल्याबरहुकूम केल्यास हाती थंडगार साय लागेल, आइस्क्रीम नव्हे. (आपल्याकडे पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवलेल्यांना खड्याच्या मिठाचे महत्त्व सांगायला नको.)

मुरंब्यांच्या बरोबरीने मलमे आणि काढे आढळले तर नवल वाटू नये, कारण घरातल्यांची दुखणीखुपणी पाहणे हेही गृहिणीचेच काम असे. शिवाय संग्राहक हेन्री वेलकम स्वतः औषधव्यवसायातले होते.

उणीव आहे ती शोधाची. सूचीतून वही सहज सापडते, परंतु हस्ताक्षरातील एखादा विशिष्ट पदार्थ शोधताना यंत्रावर विसंबता येत नाही, पाने चाळावीच लागतात. त्यातच जुने वळण आणि मनमानी शुद्धलेखन यांमुळे पहिली काही पाने फार संथपणे वाचली जातात. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी कृती हवी असणाऱ्यांच्या हे उपयोगाचे नाही. खाद्येतिहासात रस असणाऱ्यांनी मात्र आवडलेली पाने डाउनलोड करून घ्यावीत आणि मोठी करून सावकाश वाचावीत.