बीप वाजली म्हणजे बोर्ड गेला असं नाही

लॅपटॉप चालू होत नाही म्हणून दुकानात दिला. मागचं झाकण निघतं, मल्टिमीटर (वीज आणि रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) बीपवर येतो. काळी पिन ग्राउंडला, लाल पिन प्रोसेसरशेजारच्या चौकोनी कॉइलला. बीप. "बघा, शॉर्ट आहे. बोर्ड बदलावा लागेल." शॉर्ट म्हणजे वीज कामाला न लागता थेट ग्राउंडला जाते, आणि बोर्ड म्हणजे मदरबोर्ड. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर कोण वाद घालणार? बिल इथेच ठरतं.

ती कॉइल प्रोसेसरच्या कोअरला वीज पुरवते. त्या लाइनचा रेझिस्टन्स धडधाकट बोर्डावरही काही ओमच असतो. वेगळी ग्राफिक्स चिप असेल तर तिच्या लाइनवर तो १ ओमच्याही खाली सापडतो. मल्टिमीटरची बीप साधारण ३० ते ५० ओमच्या खाली वाजतेच. म्हणजे नीट चालणारा लॅपटॉप बंद करून, उघडून त्याच जागी पिन टेकवली तरी तीच बीप ऐकू येईल. हे दुकानदाराला ठाऊक नसेल तर त्याने बोर्डाला हात लावू नये, आणि ठाऊक असेल तर तो सरळ फसवतोय.

खरी तपासणी ओमच्या रेंजवर आणि मुख्य लाइनवर करायची, म्हणजे अडॅप्टरचे १९ किंवा २० व्होल्ट बोर्डभर जातात ती लाइन. बॅटरी आणि अडॅप्टर काढून मोजल्यावर तिथे किलोओममध्ये आकडा यायला हवा. शून्य किंवा दोन-चार ओम आला तर शॉर्ट आहे. पण शॉर्ट असणं आणि बोर्ड जाणं यात फार अंतर आहे. त्या लाइनवर डझनावारी सिरॅमिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे छोटे तुकडे) समांतर जोडलेले असतात आणि त्यातला एक आतून फुटला तरी सगळी लाइन शॉर्ट दिसते. तो शोधायचा तर बेंच सप्लायमधून (टेबलावरच्या, व्होल्ट कमी-जास्त करता येणाऱ्या वीजपुरवठ्यातून) साधारण १ व्होल्ट, करंटला मर्यादा घालून लाइनवर सोडतात आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतात. शॉर्ट झालेला तुकडा तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं. तो उचलला की बरेचदा लॅपटॉप चालू होतो. कधी कपॅसिटरऐवजी इनपुटचा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा भाग) निघतो, तोही बदलता येतो.

आता "नवा बोर्ड टाकला" असं बिल घेऊन परत आलेला लॅपटॉप उघडून पाहा. बोर्डाच्या कडांवर तीच जुनी धूळ, स्क्रूभोवती तेच घासल्याचे डाग. फक्त चार्जिंग विभागात एका जागी सोल्डर चकचकीत, भोवती तपकिरी चिकट फ्लक्सचं (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचं) वर्तुळ, आणि शेजारी दोन रिकामे पॅड, म्हणजे भाग सोल्डर करायच्या जागा. काम झालं एका कपॅसिटरचं, पैसे घेतले बोर्डाचे.

यावर इलाज लॅपटॉप देण्याआधीच करायचा. झाकण काढून बोर्डाचा बारकोड, त्यावर छापलेला नंबर (काही बोर्डांवर तो 'एलए-' किंवा 'डीए०' असा सुरू होतो), रॅम आणि एसएसडीची लेबलं यांचे फोटो काढून ठेवा. १६ जीबी दिली आणि ८ जीबी परत आली, हा प्रकार बोर्ड बदलण्याच्या गडबडीतच खपतो. जुना बोर्ड परत हवा, हे पावतीवर लिहून घ्या. एक्स्चेंजवर बोर्ड मिळत असेल तर जुना द्यावा लागतो हे खरं, पण ते आधी सांगायला हवं, बिल देताना नव्हे.

बोर्ड खरोखर बदलला तरी तो बहुधा दुसऱ्या मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेला असतो. हल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, त्यामुळे बोर्डाबरोबर आय७ चा आय५ होऊ शकतो. बायोसमधला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्राममधला) सिरीयल नंबर लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरशी जुळतो का ते बघा. बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड असू शकतो. तो बोर्ड एखाद्या कंपनीच्या ऑटोपायलटमध्ये (कंपनीच्या लॅपटॉपांची नोंद ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत) नोंदलेला असेल तर विंडोज नव्याने टाकल्यावर त्या कंपनीचं लॉगिन समोर येतं, आणि तिथून सुटका अवघड.

डेटाचं वेगळंच. एम.२ एसएसडी असेल तर काढून घरीच ठेवा, ती एका स्क्रूवर बसते. सोल्डर केलेली असेल तर डेटा जुन्या बोर्डाबरोबर जातो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची किल्ली बोर्डाच्या टीपीएमवर, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या चिपवर, बांधलेली असते. बोर्ड बदलल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, ती आधीच शोधून ठेवा.

चिप गरम करून "ठीक केली" हा आणखी एक प्रकार. २००८ साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिपमधला दोष मान्य केला. त्या चिप हॉट एअरने जाग्या व्हायच्या आणि काही दिवसांनी पुन्हा मरायच्या, कारण बिघाड खालच्या सोल्डर बॉलमध्ये नसून चिपच्या आत होता. लोक मात्र रिबॉलिंगचे (खालचे सोल्डर बॉल नवे बसवण्याचे) पैसे देत राहिले. आजही ग्राफिक्स चिप नुसती 'रिफ्लो' केली, म्हणजे गरम करून सोल्डर पुन्हा वितळवलं, असं सांगितलं तर हमी किती दिवसांची, हे आधी विचारा.

बोर्डावर बोट ठेवण्याआधी साध्या गोष्टी संपवा. दुसरा अडॅप्टर. बॅटरी सोडवून पॉवर बटण ३० सेकंद दाबणं. रॅम काढून बसवणं. बाहेरचा मॉनिटर. पॉवरचा दिवा लागतो पण स्क्रीन काळीच, अशा वेळी आठ पायांच्या बायोस चिपमधला प्रोग्राम बिघडलेला असू शकतो आणि तो पुन्हा लिहिता येतो. मात्र चिप १.८ व्होल्टची असेल आणि प्रोग्रामर (चिपवर प्रोग्राम लिहिणारं यंत्र) ३.३ व्होल्टचा, तर उरलीसुरली चिपही जाते.

बोर्ड खरोखर बदलावा अशा वेळा थोड्याच: आतले थर जळून कोळसा झालेले, पाणी चिपखाली जाऊन पॅड गंजलेले, बोर्डाला तडा गेलेला, किंवा प्रोसेसरच मेलेला. तेव्हाही बोर्डाची किंमत त्याच मॉडेलच्या चालू जुन्या लॅपटॉपच्या निम्म्यावर गेली तर दुसरा लॅपटॉप घेतलेला बरा, कारण येणारा बोर्डही तितकाच जुना असतो. ताब्यात घेताना निदान अर्धा तास दुकानातच चालवा: चार्जिंग, दोन्ही रॅम स्लॉट, प्रत्येक यूएसबी, आणि एकदा स्लीपमध्ये टाकून उठवणं.