अल्कलाइन पाण्याचं यंत्र: नऊ महिन्यांनंतर

यंत्रात खोट नाही, हे आधीच सांगून टाकतो. आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत. वीज सुरू झाली की एका नळीतून साडेनऊ पीएचचं, म्हणजे अल्कलाइन पाणी येतं (पीएच हे आम्लतेचं माप: सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कलाइन) आणि दुसऱ्या नळीतून आम्लधर्मी पाणी मोरीत जातं. तपासणीचे थेंब टाकले की जांभळा रंग, न चुकता. पाण्याबद्दल जे सांगितलं होतं ते खरं निघालं. घोळ आहे तो शरीराबद्दलच्या दाव्यांत.

विक्रेत्याच्या यादीत आम्लपित्त, सांधेदुखी, मधुमेह, रक्तदाब आणि शेवटी आवाज खाली आणून सांगितलेला कर्करोग. सगळ्यांचं मूळ एकच, म्हणे शरीर आम्लधर्मी झालंय.

पहिल्या दोन महिन्यांत मला खरंच बरं वाटलं. दुपारची डोकेदुखी गेली, पोट साफ होऊ लागलं. उत्साहाच्या भरात चार जणांना सांगून बसलो. त्यातल्या दोघांनी यंत्र घेतलं, त्यांच्याशी नजर मिळवणं आता जड जातं. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की आधी मी दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी प्यायचो आणि एवढे पैसे ओतल्यावर अडीच लिटर प्यायला लागलो होतो.

बायकोला म्हटलं, रोज सकाळी तुझ्या मनाला येईल ते पाणी बाटल्यांत भर, साधं किंवा यंत्राचं. वहीत लिहून ठेव, मला सांगू नकोस. चव ओळखू येऊ नये म्हणून थंडगार करून प्यायचो. रोज रात्री पोट, डोकं, झोप यांना दहापैकी गुण द्यायचे. एकवीस दिवसांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. ज्या दिवसाला मी सगळ्यात जास्त गुण दिले होते, त्या दिवशी साधं पाणी होतं. एका माणसावरचा घरगुती प्रयोग, त्याला शास्त्र म्हणत नाही. पण माझी खात्री पटायला तेवढं पुरलं.

हिशेबही साधाच आहे. जठरातल्या आम्लाचा पीएच दोनच्या आसपास धरा. त्याच्या एका लिटरमध्ये जेवढे हायड्रोजन आयन असतात, तेवढे आम्ल मारणारे हायड्रॉक्साइड आयन जमवायला साडेनऊ पीएचचं पाणी तीनशे लिटरहून जास्त लागेल. चिमूटभर खायचा सोडा या पेलाभर पाण्याला सहज मागे टाकतो. रक्ताचा पीएच तर 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्ट्यातच राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं जास्तीचं आम्ल किंवा बायकार्बोनेट गाळून तो तिथे धरून ठेवतात. लघवीत बुडवलेल्या पीएच-कागदाचा रंग बदलला की विक्रेता खूश होतो. अहो, ते मूत्रपिंडांनी नको असलेलं बाहेर टाकलंय!

विक्रेत्याच्या पत्रकावर जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांचा फोटो होता आणि खाली ‘अल्कलाइन शरीरात कर्करोग जगत नाही या शोधाला नोबेल’. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एका विकरावरच्या (एन्झाइमवरच्या) कामासाठी. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर आंबवून लॅक्टिक आम्ल बनवतात, हे निरीक्षण मात्र त्यांचंच. म्हणजे गाठीभोवतीचं आम्ल खुद्द गाठीतूनच येतं. पत्रकाने गाडी घोड्याच्या पुढे जुंपली. 2016 मध्ये फेंटन आणि हुआंग या संशोधकांनी ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरचे अभ्यास तपासले, तेव्हा कर्करोग टाळायला किंवा बरा करायला अल्कलाइन पाणी सुचवावं असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

सगळ्यात जास्त राग आला तो सळ्यांच्या खेळाचा. विक्रेत्याने पेल्यातल्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली आणि पाणी तपकिरी, गढूळ झालं. ‘हे पिता तुम्ही?’ शेजारचं आरओचं पाणी स्वच्छच राहिलं. नंतर तसंच उपकरण मी मागवलं. त्याच्या यंत्राचं पाणीही तपकिरी झालं! आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, तेही झालं. सळ्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज तरंगतो. हे फोनवर सांगितलं तर उत्तर आलं, ‘तुमचं शरीर अजून विषारी द्रव्यं बाहेर टाकतंय.’ बरं वाटलं तर पाण्याचा गुण, बिघडलं तर तोही पाण्याचाच गुण.

इथवर हसून सोडलं असतं. पण बाबांनी पाण्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद केली होती, तीही आम्हाला न सांगता. नवव्या दिवशी चक्कर येऊन बसले, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आणि गंमत बघा, यंत्राच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलंय की औषधं या पाण्यासोबत घेऊ नयेत.

पाणी भरपूर पिण्याचे खरे फायदे आहेत. मुतखडा झालेल्यांना डॉक्टर तेच सांगतात, आणि त्यासाठी कोणतंही स्वच्छ पाणी चालतं. कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरवणाऱ्या दूषित पाण्याबद्दल विक्रेता अवाक्षर बोलला नाही, आणि पीएच वाढवून ते जंतू मरतील यावर विसंबता येत नाही.

पट्ट्यांवर पांढरा थर चढतो, तो महिन्याला सायट्रिक आम्लाने धुवावा लागतो, म्हणजे लागायचा. यंत्राला ‘फक्त गाळणी’ असं एक बटण आहे. त्यात कोळशाची गाळणी तेवढी चालते, वीज पट्ट्यांपर्यंत जातच नाही. चार महिने आम्ही तेच बटण दाबतोय.