वाक्प्रचार शिकवणारे ॲप आणि ‘फ्लाय ऑन द वॉल’
इंग्रजी वाक्प्रचार शिकवणाऱ्या एका मोबाइल ॲपमधील ‘फ्लाय ऑन द वॉल’ ही नोंद मी बारकाईने वाचली. आपण तेथे आहोत हे कोणाच्या ध्यानीमनीही नसताना त्यांचे बोलणे ऐकायला मिळणे, हा अर्थ ॲपने मोजक्या शब्दांत नेमका दिला आहे. वापराच्या बाबतीत मात्र ते कमी पडते. ‘ईव्हसड्रॉप’ हे क्रियापद त्यात समानार्थी म्हणून दिले आहे, आणि ते मला अजिबात पटले नाही. कारण त्या क्रियापदात भिंतीला कान लावून चोरून ऐकल्याचा आरोप असतो, तर ‘आय वुड लव्ह टू बी अ फ्लाय ऑन द वॉल’ असे म्हणणारा माणूस बंद दाराआडच्या बैठकीविषयीची आपली उत्सुकता तेवढी बोलून दाखवतो, प्रत्यक्षात तो काहीच ऐकत नसतो. म्हणूनच हा वाक्प्रचार बहुधा इच्छा व्यक्त करणाऱ्या वाक्यात येतो, आणि नेमके तसे उदाहरण येथे एकही नाही. चित्रीकरण करणारे समोरच्या घडामोडींत ढवळाढवळ करत नाहीत अशा माहितीपटांनाही हेच विशेषण लावतात, याची नोंद घेतली आहे, ही जमेची बाजू. उच्चार स्वच्छ ऐकू येतात. अर्थ चटकन पाहण्यासाठी हे ॲप जरूर घ्यावे. लेखनात वापर करायचा असेल, तर चांगला शब्दकोशही हाताशी ठेवावा.