लॅपटॉपच्या धुळीसाठी इलेक्ट्रिक ब्लोअर: पावसाळा काढल्यानंतरचं मत

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणाऱ्यांना धुळीचं कौतुक सांगायला नको. एक इमारत पुनर्विकासात उभी राहते न राहते, तोवर शेजारची पाडायला घेतात. त्यात आमच्याकडे कामाचं टेबल आणि स्वयंपाकाचा ओटा एकाच खोलीत. मीटिंग सुरू झाली की लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, तापमान ९७-९८ अंशांवर जायचं आणि स्क्रीन शेअर केली की सगळं अडखळायचं. एवढं तापल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं. एका दुरुस्तीवाल्याने तर न उघडताच मदरबोर्ड बदलायला सांगितला. म्हटलं, आधी धूळ तर काढू.

होळीच्या सुमारास लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, ७०० वॉटचा वायरवाला ब्लोअर आणला. झोत जोरदार आहे, तक्रार नाही. पण लॅपटॉप न उघडता बाहेरूनच जाळीत हवा मारणार असाल, तर घेऊ नका. खरी धूळ पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पात्यांच्या मधे, आतल्या बाजूला अडकलेली असते. बाहेरून फुंकलं की ती उलटी पंख्यात जाते. आमच्या लॅपटॉपमध्ये तिथे राखाडी पट्टीच तयार झाली होती. चिमट्याने धरली तर अख्खी सोलून निघाली, आणि हाताला चक्क तेलकट लागली. रोजची फोडणी!

म्हणूनच नुसता ब्लोअर पुरत नाही, पावसाळ्यात तर अजिबात नाही. दमट हवेत धूळ चिकटून बसते. आधी कोरड्या मऊ ब्रशने ती सुटी करायची, मग हवा मारायची. पंख्याची पाती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसली की तेलकटपणा जातो. चार्जर काढून, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवायचं. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात, ते कागदावर जागेनुसार मांडून ठेवले की गोंधळ होत नाही. हवा मारताना पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर झोताने तो भलत्या वेगात फिरतो आणि बेअरिंगला धोका.

पट्टी निघाल्यावर तेवढ्याच कामात तापमान ८४-८५ वर आलं. पुढे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे उष्णता वाहून नेणारी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, तेव्हा आणखी पाचेक अंश उतरले. खरी करामत धूळ काढण्याचीच.

ब्लोअरचे तोटे सांगायचे तर आवाज भयंकर. रविवारी दुपारी लावला की समोरच्या काकू दार उघडून बघतात. वायर आखूड आहे, त्यामुळे गॅलरीत न्यायला एक्स्टेन्शन लागतं. आणि गॅलरीतच न्यावा, घरात लावलात तर सगळी धूळ डाळ-तांदळाच्या डब्यांवर. आईचं म्हणणं, एवढा सोस आहे तर छताच्या पंख्याची पातीही पूस. तेही काम ब्लोअर झकास करतो. सलग चालवला की मोटारीला जळका वास येतो, मधे थांबावं लागतं.

हल्ली लॅपटॉप सुरू करताना पंखा किंचित करकरतो. धूळ नाही, बेअरिंग झिजलंय. त्यावर ब्लोअरचा उपयोग नाही. पंख्यावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर फोटो काढून ठेवलाय, लॅमिंग्टन रोडला पुढची फेरी त्यासाठी.